सविताच्या गावात

बेळगावची भाजी आणि बेळगावचे दूध घाट उतरून रोज गोव्याच्या स्वयंपाकघरांत येते. किनारपट्टीचा माणूस लग्नाच्या कापडाला, दवाखान्याला, मुलांच्या शिक्षणाला बेळगाव गाठतो. तरीही त्या शहराची वार्ता आपल्या वर्तमानपत्रांत येते ती बहुधा सीमाप्रश्नाच्या निमित्ताने. २०१२ च्या नोव्हेंबरात मात्र बेळगावचे नाव अकस्मात जगभरच्या वृत्तपत्रांत छापले गेले. आयर्लंडमधील गॅल्वे या दूरच्या शहरात बेळगावच्या एका मुलीचा मृत्यू झाला होता.

सविता हलप्पनवार व्यवसायाने दंतवैद्य होती. वय एकतीस. गर्भारपणाचा सतरावा आठवडा. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी पाठीत कळा येऊ लागल्या म्हणून ती गॅल्वेच्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाली. गर्भ टिकणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी गर्भजल वाहून गेले. जे वाचणार नाही त्याची वाट पाहण्यापेक्षा मला मोकळे करा, अशी विनंती तिने केली. पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते, आणि ते चालू असेतो त्या देशाचा कायदा आपले हात बांधून ठेवतो अशी तेथील डॉक्टरांची समजूत होती. हा कॅथलिक देश आहे, असे तिला सांगण्यात आले. आपण तसे बोललो हे पुढे चौकशीत एका सुईणीने मान्यही केले. २४ तारखेला ठोके थांबले. तोवर जंतुदोष रक्तात भिनला होता. २८ ऑक्टोबरला सविता गेली. तिच्याकडे राहायला गेलेले आईवडील तिच्या मृत्यूच्या काही दिवस आधीच परतीच्या प्रवासाला निघाले होते.

पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये मृत्यूची न्यायचौकशी झाली, जूनमध्ये तज्ज्ञांचा अहवाल आला, आणि २५ मे २०१८ रोजी आयरिश जनतेने ६६.४ टक्के मतांनी आपल्या घटनेतील आठवी दुरुस्ती काढून टाकण्याचा कौल दिला. डब्लिनमधील एका भिंतीवर सविताचे चित्र रंगविले होते. त्याभोवती लोकांनी शेकडो चिठ्ठ्या चिकटविल्या. तिच्या आईवडिलांनी बेळगावातून त्या मतदारांना आवाहन केले होते. परक्या मुलीच्या मरणाने एखाद्या देशाला आपला कायदा बदलावासा वाटावा, हे त्या देशाच्या विवेकबुद्धीचे लक्षण होय.

त्या वेळी आपल्याकडे जी प्रतिक्रिया उमटली ती आम्हांस चांगली आठवते. युरोपातील प्रगत देश आणि इतका मागासलेला कायदा, असा तिचा सूर होता. तो अगदीच निराधार नव्हता. आपला वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. म्हणजे सविता गॅल्वेत गर्भपात मागत होती तेव्हा तिच्या माहेरच्या गावात तो चाळीस वर्षे कायदेशीर होता. गोव्याच्या वाचकाला आणखी एक गोष्ट गमतीची वाटेल. ज्या पोर्तुगालने साडेचारशे वर्षे आपल्यावर राज्य केले, त्या देशात स्त्रीच्या इच्छेने गर्भपात करण्याची मुभा मिळाली ती २००७ च्या सार्वमतानंतर.

अभिमान वाटावा असेच हे आहे. परंतु कायद्याचे पुस्तक उघडे असले म्हणजे रुग्णालयाचे दार उघडे असतेच असे नाही. आयर्लंडमध्ये कायदा आड आला होता. आपल्याकडे कायदा बाजूला उभा आहे आणि बाई तेथवर पोहोचतच नाही. सविताच्या गावाकडे आज पाहायचे ते या दृष्टीने.

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात आम्ही एका परिचिताची वाट पाहत बसलो होतो. खानापूरकडची वाटावी अशी एक बाई खिडकीपाशी उभी होती. दोन मुले आहेत, तिसरे नको, एवढेच ती हळू आवाजात सांगत होती. खिडकीतून उत्तर आले, "नवऱ्याला घेऊन ये, त्याची सही लागते." नवरा गोव्यात गवंडीकामाला होता. शिमग्याला येणार होता. शिमग्याला दोन महिने होते. बाईने पिशवी उचलली आणि ती निघून गेली. त्या खिडकीतील व्यक्ती दुष्ट नव्हती; आपण नियमच सांगत आहोत अशी तिची प्रामाणिक समजूत असावी. पण असा नियम नाही. १९७१ च्या मूळ कायद्यातही नव्हता. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची, सासऱ्याची, भावाची, कोणाचीही सही लागत नाही. केवळ अज्ञान मुलीच्या किंवा मनोरुग्ण स्त्रीच्या बाबतीत पालकाची संमती हवी. पन्नास वर्षांहून अधिक काळ अंमलात असलेल्या कायद्याची इतकी साधी ओळ खिडकीपर्यंत पोहोचू नये, याला काय म्हणावे?

कायद्याची आणखी काही कलमे येथे सांगणे अवश्य आहे, कारण ती वाचकांच्या घरातही बहुधा ठाऊक नसतात. विसाव्या आठवड्यापर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. २०२१ साली झालेल्या आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरपासून लागू झालेल्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी ही मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत वाढविली. बलात्कारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणात वैधव्य वा घटस्फोट वाट्याला आलेल्या आणि अपंग स्त्रियांचा त्यात समावेश आहे. मात्र तेथे दोन डॉक्टर हवेत. गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरले हे कारण पूर्वी केवळ विवाहितेला सांगता येई. आता 'विवाहित स्त्री व तिचा पती' या शब्दांच्या जागी 'स्त्री व तिचा जोडीदार' असे शब्द आले आहेत. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीला चोवीस आठवड्यांच्या सवलतीतून वगळता येणार नाही, असा स्पष्ट निर्णय दिला. स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खाजगी दवाखान्याला गर्भपातासाठी सरकारची मान्यता घ्यावी लागते. सरकारने स्थापिलेल्या वा चालविलेल्या रुग्णालयाला वेगळ्या मान्यतेची गरज नाही. गरिबांचे रुग्णालय हे कायद्याने आधीच मान्य केलेले ठिकाण आहे.

असे असता प्रत्यक्षात काय घडते? २०१५ या वर्षासंबंधीचा एक मोठा अभ्यास 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या वर्षी देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असे त्याचे अनुमान आहे. त्यांतील रुग्णालयांत वा दवाखान्यांत झालेले गर्भपात अवघे २२ टक्के. ७३ टक्के स्त्रियांनी रुग्णालयाबाहेर गोळ्या घेतल्या. उरलेल्या पाच टक्के, म्हणजे सुमारे आठ लाख, इतर आणि बहुधा घातक मार्गांनी गेल्या. आता या ७३ टक्क्यांकडे पाहून एकदम कपाळावर हात मारण्याचे कारण नाही. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टोल ही औषधे सुरुवातीच्या आठवड्यांत नीट घेतली तर अत्यंत विश्वसनीय आहेत. भारतात त्यांना २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि आज नवव्या आठवड्यापर्यंत ती डॉक्टरच्या सल्ल्याने देता येतात. धोका आहे तो गोळी अंधारात घेण्याचा. किती घ्यायच्या, किती तासांनी घ्यायच्या, रक्तस्राव कितपत व्हावा, केव्हा घाबरून धाव घ्यावी, यांतले काहीही न सांगता कागदाच्या पुडीत बांधून दिलेली गोळी आणि तीच गोळी परिचारिकेने समजावून दिलेली, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

निपाणीचे उदाहरण घेऊ. १९८१ च्या तंबाखू आंदोलनाने हे गाव देशाला ठाऊक झाले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते स्त्रियांच्या श्रमांवर उभे आहे. तंबाखूच्या वखारींत धुरळ्यात काम करणाऱ्या बायका आणि सूप मांडीवर घेऊन दारात विड्या वळणाऱ्या बायका हे तेथील नेहमीचे दृश्य. मजुरी हजार विड्यांमागे. जिचा दिवस बुडाला तिची मजुरी बुडाली. अशा बाईला दिवस गेले आणि मूल नको असेल तर तिने काय करावे? बेळगावचे जिल्हा रुग्णालय लांब. कोल्हापूर जवळ, पण ते दुसऱ्या राज्यात. पहिल्या दिवशी तपासणी, दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, तिसऱ्या दिवशी 'डॉक्टर रजेवर आहेत', असे तीन हेलपाटे घडले की आठवड्याची मजुरी गेली आणि शेजारणींत चर्चा सुरू झाली ती वेगळीच. मग कोणीतरी सांगते की अमुक गावात एक 'डॉक्टर' आहे, एका दिवसात 'पिशवी साफ करून' देतो, कागद नाही की सही नाही. तो कोणत्या शास्त्राचा डॉक्टर आहे हे विचारण्याच्या मनःस्थितीत ती नसते.

अशा वाटेच्या शेवटी काय असते ते आपण पाहिलेले आहे. २०१७ च्या मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ या सीमेवरच्या गावात एका होमिओपॅथी डॉक्टरच्या दवाखान्यात बेकायदा गर्भपात करताना एका तरुण स्त्रीचा मृत्यू झाला. तपासात ओढ्याच्या काठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. २०२२ च्या जूनमध्ये बेळगाव जिल्ह्यातील मुडलगी येथे बसस्थानकाजवळच्या ओढ्यात डब्यांत भरलेले सात भ्रूण मिळाले. दोन्ही वेळा महाराष्ट्र आणि कर्नाटक हादरले. समित्या नेमल्या गेल्या, दवाखान्यांना टाळी लागली.

टाळी लावावीत हे योग्यच. गर्भलिंग पाहून मुलीचा जीव घेणाऱ्याची गय करता कामा नये. महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध कायदा केला, केंद्राने १९९४ साली केला आणि २००३ साली तो कडक केला. या कायद्यांचे आम्ही सदैव समर्थन केले आहे. परंतु म्हैसाळसारखे प्रकरण घडले की शासनयंत्रणेचा आणि लोकमानसाचाही एक घोटाळा होतो. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आणि गर्भपात हा कायदेशीर उपचार, यांतील रेषा पुसली जाते. 'भ्रूणहत्या' हा एकच शब्द दोहोंना लावला जातो. तपासनीस येतात ते गर्भपाताची नोंदवही उघडतात. सोनोग्राफी यंत्राच्या कागदपत्रांत झालेल्या चुकीपायी खटला होईल या भीतीने सरळ वृत्तीचा डॉक्टर गर्भपात करणेच सोडून देतो. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातील परळीचे प्रकरण उघडकीस आल्यानंतर महाराष्ट्रात गर्भपाताच्या गोळ्यांवर अशी काही नजर बसली की बहुसंख्य औषधविक्रेत्यांनी त्या ठेवणेच बंद केले. वास्तविक या गोळ्या नवव्या आठवड्यापर्यंत घ्यावयाच्या. सोनोग्राफीत लिंग कळते ते त्यानंतर काही आठवड्यांनी. म्हणजे गोळी घेणारी स्त्री लिंग पाहून गर्भ पाडते आहे हा संशयच अज्ञानाचा. या सगळ्याचा परिणाम असा की प्रामाणिक दुकाने बंद झाली आणि चोरटी चालू राहिली. म्हैसाळच्या दवाखान्याला धाक नव्हताच. धाक बसला तो तालुक्याच्या सरकारी डॉक्टरला.

त्या डॉक्टरच्या बाजूनेही बोलले पाहिजे. आपला १९७१ चा कायदा स्त्रीला हक्क देत नाही, तो डॉक्टरला संरक्षण देतो. गर्भपात हा मुळात गुन्हा. पूर्वी तो भारतीय दंडविधानाच्या ३१२ व्या कलमाखाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमाखाली आहे. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा म्हणजे त्या गुन्ह्याला केलेला अपवाद होय. अपवादाच्या छत्रीखाली काम करणारा माणूस सतत वर पाहत राहतो, छत्री फाटली तर नाही ना म्हणून. त्यात मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविणे बंधनकारक. २०२२ च्या निकालात न्यायालयाने, मुलीने व पालकाने विनंती केल्यास तिचे नाव कळविण्याची गरज नाही, असे सांगून ही अडचण सौम्य केली. निकाल दिल्लीत लागतो. तो खानापूरला पोहोचायला किती काळ जातो, हे त्या व्हरांड्यातील प्रसंगावरून वाचकांनी ताडावे.

आता थोडे इतिहासात डोकावणे अप्रस्तुत होणार नाही, कारण तो टिळकवाडीच्या परिसरातूनच सुरू होतो. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले ते येथेच. त्यासाठी खणलेली विहीर आजही आहे. गांधीजींच्या चरणी आम्ही जे ऋण मानतो ते मोठे आहे. पण संततिनियमनाच्या प्रश्नावर त्यांनी घेतलेली भूमिका आम्हांस कधीच पटली नाही. बेळगावनंतर अवघ्या काही महिन्यांत, १९२५ मध्ये, 'यंग इंडिया'त त्यांनी कृत्रिम साधनांविरुद्ध लिहिले. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला त्यांना भेटल्या तेव्हाही त्यांनी संयम हाच उपाय सांगितला. संयम कोणी पाळायचा आणि तो मोडला तर त्याचे ओझे कोणी नऊ महिने वाहायचे, हा प्रश्न त्यांच्या त्या थोर उपदेशात राहूनच गेला.

तो प्रश्न विचारणारा माणूस कोकणातला होता. मुरूडचे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षींचा हा मुलगा गणिताचा प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२५ साली त्यापायी विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली, १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत राहिले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला. १९३८ साली आंबेडकरांच्या पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला. गंमत अशी की, ज्या वेळी मुंबई इलाख्यात, आणि म्हणजे तेव्हाच्या बेळगावातही, या विषयावर बोलणे अश्लील ठरत होते, त्याच वेळी शेजारच्या म्हैसूर संस्थानात १९३० साली सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचा हुकूम निघाला होता. सरकारने स्वतः अशी केंद्रे उघडण्याचे जगातील ते पहिल्या उदाहरणांपैकी एक. १९५६ मध्ये बेळगाव त्याच म्हैसूर राज्यात गेले. ते जाणे न्याय्य की अन्याय्य हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याविषयी आमचे मत लपलेले नाही. परंतु बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी बायकांना त्या राज्याकडे त्याचाच वारसा मागण्याचा हक्क आहे, आणि तो मागताना वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची गरज नाही.

गर्भपाताची वेळच येऊ नये यासाठी गर्भनिरोध, हे तर उघडच आहे. येथे आपल्या देशाची चूक जुनी आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली. तिच्या सक्तीची आठवण अशी काही बसली की त्यानंतर कुटुंबनियोजनाचे सारे ओझे पुरुषांच्या अंगावरून उचलून बायकांच्या पोटावर ठेवण्यात आले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के शस्त्रक्रियेवर अवलंबून होत्या, पुरुष शस्त्रक्रियेचे प्रमाण ०.३ टक्के. कर्नाटकात तर निम्म्याहून अधिक विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे. याचा अर्थ असा की बाई वयाच्या विशी-पंचविशीत दोन-तीन मुले भरभर होऊ देते आणि मग कायमचे दार लावून घेते. मधल्या काळासाठी तिच्या हाती काही नसते. आणि म्हणून मधल्या काळातच गर्भपाताची गरज पडते. तांबी आहे. तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन आहे. आठवड्याची छाया गोळी आहे. २०१६-१७ पासून ही दोन्ही सरकारी योजनेत विनामूल्य मिळू लागली. पण आधी ती केंद्रात शिल्लक हवीत आणि ती देताना बाईला विचारायला हवे. प्रसूतीनंतर न विचारता तांबी बसविणे, किंवा 'गर्भपात करून देतो, पण ऑपरेशन करून घे' अशी अट घालणे, ही सक्तीचीच धाकटी भावंडे होत. आणीबाणीतील सक्तीला ज्यांनी विरोध केला त्यांनी हिलाही करावा.

या सर्व काळोखात बेळगावकडूनच जगाला मिळालेला एक उजेड आहे, आणि तो गावातल्याच फार थोड्यांना ठाऊक असेल. २००२ ते २००५ या वर्षांत बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत, येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने, एक प्रयोग झाला. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने बाई दगावू नये म्हणून मिसोप्रोस्टोलच्या गोळ्या देऊन पाहण्याचा. १६२० बाळंतिणींचा त्यात समावेश होता. गोळ्या दिल्या त्या तज्ज्ञ डॉक्टरांनी नव्हे, उपकेंद्रावरच्या साध्या एएनएम परिचारिकांनी. औषध न मिळालेल्या स्त्रियांत शंभरी बारा जणींना अतिरक्तस्राव झाला. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ६.४ वर आले. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि जगभर त्याचा दाखला दिला गेला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी ते औषध अत्यावश्यक यादीत घेतले.

तेच हे मिसोप्रोस्टोल. मात्रा वेगळी, प्रयोजन वेगळे, पण औषध तेच. बेळगावच्या परिचारिकांनी ते हाताळून दाखविले, आणि बेळगावच्याच गरीब बाईला ते चोरून घ्यावे लागते. २०१४ मध्ये केंद्राने प्रसिद्ध केलेल्या दुरुस्तीच्या मसुद्यात प्रशिक्षित परिचारिकांना सुरुवातीच्या गर्भपाताची परवानगी देण्याची सूचना होती. ती पुढे गळाली. २०२१ च्या कायद्यात ती नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात मात्र ती आहे. डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध आम्हांस समजतो. पण ज्या उपकेंद्रात डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, तेथे डॉक्टरशिवाय नाही असा आग्रह धरणे म्हणजे कागदाच्या पुडीला मोकळे रान देणे होय.

धर्माचे काय, असे काही वाचक विचारतील, आणि तो प्रश्न टाळण्यासारखा नाही. आपल्या शास्त्रांनी भ्रूणहत्या महापातक मानली हे खरे. परंतु त्याच शास्त्रांच्या छायेत एकोणिसाव्या शतकात या प्रांतातल्या विधवांच्या विहिरी भरत होत्या, हेही खरे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्यांनी पातक कोणाचे हे विचारले नाही. बाईने येऊन सुखरूप बाळंत व्हावे, कोणी तिचे नाव विचारणार नाही, एवढेच सांगितले. पंढरपुरात, विठ्ठलाच्या पायाशी, १८७५ साली तसेच गृह निघाले. श्रद्धाळू माणसे होती ती. ज्याला गर्भपात पाप वाटतो त्याने तो करू नये, करवू नये. त्याच्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. पण सरकारी रुग्णालयाच्या खिडकीत बसून दुसऱ्याच्या पातकाचा हिशेब ठेवण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. गॅल्वेत तेच झाले होते, आणि तेव्हा आपण सर्वांनी नाके मुरडली होती.

आमची मागणी मोठी नाही. खानापूर, चिकोडी, निपाणी येथील सरकारी रुग्णालयांत आठवड्यातले दोन ठरावीक वार या कामासाठी असावेत आणि त्या वारांना डॉक्टर जागेवर असावा. यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञच हवा असे नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे नवव्या आठवड्यापर्यंतच्या गोळ्यांचे उपचार थोड्या प्रशिक्षणानंतर साधा एमबीबीएस डॉक्टरही करू शकतो. तपासणी, समुपदेशन आणि औषध एकाच फेरीत व्हावे. संमतीचा कागद मराठी बाईला मराठीत वाचून दाखवावा, कन्नड बाईला कन्नडात. ज्या भाषेत तिला कळा येतात त्या भाषेत तिला समजले पाहिजे, येथे राज्यभाषेचा अभिमान आड येऊ नये, आपलाही आणि त्यांचाही. गर्भलिंगचिकित्सेची तपासणी करणाऱ्या पथकाला गर्भपाताच्या गोपनीय नोंदवहीत डोकावण्याची मुभा नसावी.

आणि त्या खिडकीच्या वर एक पाटी हवी. टिळकवाडीतल्या कोणत्याही रंगाऱ्याच्या अर्ध्या दिवसाचे ते काम आहे. तिच्यावर कन्नडात आणि मराठीत इतकेच असावे: येथे गर्भपात व गर्भनिरोधाची सोय विनामूल्य मिळेल, अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची सही पुरे, नवऱ्याची सही लागत नाही, तुमचे नाव कोणालाही सांगितले जाणार नाही.